चमकीच्या मागचं चुंबक

माझ्या मुलीला नाक टोचून घ्यायचं नव्हतं, पण चमकी हवी होती. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हापासून तिचं हेच चालू होतं. ती तेव्हा पाच वर्षं पूर्ण करून सहाव्यात होती. सोनाराकडे नेलं की रडायची, घरी आणलं की आरशापुढे उभी राहून नाकावर टिकली चिकटवायची.

लग्न चिमूरला होतं. आम्ही राहतो पोंभुर्ण्याला. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. नवरा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. त्यामुळे लग्नाच्या आधी मी मुलीला घेऊन एकटीच माहेरी गेले. पोहोचल्या दिवशीच माझी बहीण तिला बाजारात घेऊन गेली आणि मुलगी परत आली ती नाकात चमकी घालूनच. न टोचता!

"चुंबकाची आहे ताई," बहीण म्हणाली. "बांगड्यावाला म्हणे, टोचाचं काम नाई, अपनेआप चिपकते."

पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर तशा चमक्यांच्या जोड्या लावलेल्या होत्या. बाहेरून खडा, खड्याच्या मागे मुगाच्या डाळीएवढी चकती, आणि तसलीच दुसरी चकती नाकाच्या आतून लावायची. दोघींच्या मधे नाकपुडीची कातडी. ती मधे असूनही दोन्ही चकत्या एकमेकींना घट्ट धरून राहत. मुलगी हरखून गेली होती. सगळ्यांना नाक दाखवत फिरत होती.

खडे काही टिकले नाहीत. हळद लागायच्या आधीच दोन खडे गळून पडले आणि नुसत्या चकत्या उरल्या. मी त्या चकत्या लाकडी पाटावर ठेवून तिला गंमत दाखवली. एक चकती बोटाने दुसरीकडे सरकवली की दुसरी पुढे पळायची. धरू म्हटलं तरी सापडायची नाही.

"हे काऊन पळते?" तिनं विचारलं.

"हिला दोन तोंडं असतात," मी सांगितलं. "एक उत्तरेचं, एक दक्षिणेचं. दोघींची सारखी तोंडं समोर आली की कट्टी. वेगळी आली की दोस्ती."

तेवढ्यात पळणारी चकती पाटाच्या खाचेत अडली, उलटली, आणि टक्‌कन पहिलीला जाऊन चिकटली.

"झाली दोस्ती!" मुलगी ओरडली.

शिक्षकाला मूल असं हसलं की बरं वाटतं. मलाही वाटलं.

लग्न बुद्धविहारात झालं. वंदना झाली, हार घातले गेले, जेवणं उठली. ऊन असं होतं की मांडवाचं कापड तापून वास मारत होतं. मुलीच्या नाकातली चमकी गर्दीत कुठेतरी पडली. दुसरी लावली, तीही गेली. कोणी काही मनावर घेतलं नाही. दहा-वीस रुपयांच्या वस्तू मांडवाच्या धुळीत पडतात आणि लोक त्यावरून चालत जातात.

पोंभुर्ण्याला परतल्यावर तिचं पोट दुखू लागलं.

आधी थोडं थोडं. खेळता खेळता खाली बसायची, मग उठून पुन्हा खेळायची. लग्नातलं जेवण, त्यात उन्हाळा. मी लिंबू-साखरेचं पाणी दिलं. मग उलटी झाली. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, औषध दिलं. ते घेऊन तिला बरं वाटलं, तिनं वरण-भात खाल्ला. मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून होती.

"आई, मले पोटात टोचून राह्यलं," ती म्हणाली.

दुखून राह्यलं नाही, टोचून राह्यलं. मी तिच्या पोटावर हात ठेवला. ते फुगून घट्ट झालं होतं. तेवढ्यात तिला उलटी झाली आणि ती हिरवी होती.

हिरवी उलटी म्हणजे आतडं अडलेलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ती पाहून मी बाहेर धावले. शेजारच्या भाऊंकडे गाडी होती. मी दारात जाऊन फक्त "भाऊ, चंद्रपूर" एवढंच म्हणू शकले. त्यांनी चपलाही घातल्या नाहीत.

रस्ता जंगलातून जातो. त्या रस्त्यावर एरवी आम्ही वाघाची भीती बाळगतो, काचा वर करतो, मुलं गप्प बसतात. त्या दिवशी मला झाडंसुद्धा दिसली नाहीत. मुलगी माझ्या मांडीवर होती. रस्त्याला खड्डा आला की तिच्या तोंडून बारीक आवाज निघे आणि भाऊ आपसूक वेग कमी करत. वेग कमी झाला की मला वाटे, उशीर होतोय. वाढला की वाटे, तिला लागतंय.

चंद्रपूरच्या दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढला. काढणाऱ्या माणसानं आतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, हिच्या कमरेला करदोडा आहे का? साखळी वगैरे?"

"नाही."

"फ्रॉकला बटण?"

बटण नव्हतं. त्यानं तरीही फ्रॉक काढायला लावला आणि पुन्हा फोटो घेतला. फोटो घेऊन स्वतःच डॉक्टरांकडे गेला. एक्स-रे काढणारा माणूस स्वतः चालत डॉक्टरांकडे जातो, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या आईला काय वाटतं ते मी सांगू शकणार नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो उजेडावर धरला. मणक्याच्या डाव्या बाजूला, पांढऱ्या धुक्यात, पांढऱ्याशुभ्र बारीक चकत्या दिसत होत्या. तीन एकमेकींवर रचलेल्या. चौथी त्यांच्या समोर, किंचित दूर. मधे केसाएवढी काळी फट.

"नाणी नाहीत ही," डॉक्टर म्हणाले. "खेळण्यातलं काही गिळलंय का हिनं? सेल वगैरे?"

मी ओळखल्या होत्या. मी मुलीच्या कानाशी वाकले.

"बाळा, तू चमकी खाल्ली का?"

तिनं डोळे मिटून घेतले. "तू मारशीन."

"नाई मारत. खरंच नाई मारत. सांग मले."

"जिभेवर ठेवली होती," ती म्हणाली. "एक वर, एक खालून. जीभ हालवली की दोघी हालते. मग गिळून गेली."

"दोन्ही?"

"हो. मग दुसऱ्या चमकीची पण ठेवली. ते पण गेली."

"एकाच वेळी गं?"

"नाई. हळदीच्या आधी दोन. मग लग्नात एक. मग..." तिला पुढचं आठवेना.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "चुंबक आहे?"

मी मान हलवली. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. ते म्हणाले, "एकच असतं तर फारशी काळजी नव्हती. बहुतेक शीवाटे पडून गेलं असतं. एकापेक्षा जास्त, आणि तेही वेगवेगळ्या वेळी गेलेली..."

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. त्याची गरजही नव्हती. दरवर्षी मी वर्गात वहीच्या पानावर टाचणी ठेवते, पानाखालून चुंबक फिरवते, आणि टाचणी नाचते तेव्हा पोरांना विचारते, मधे कागद असूनही हे कसं झालं? मग पाटी ठेवते. मग एखाद्या पोराचा तळहात. चुंबकाचा जोर कागदातून जातो, लाकडातून जातो, पाण्यातून, मांसातून जातो. हे मीच शिकवते. आणि पोटात आतडं सापासारखं वेटोळं घालून बसलेलं असतं. पहिली चकती एका वेटोळ्यात पुढे गेलेली, दुसरी मागून येऊन शेजारच्या वेटोळ्यात पोचलेली. दोघींच्या मधे आतड्याचे दोन पातळ पडदे. त्या काळ्या फटीत माझ्या मुलीचं आतडं चिमटलेलं होतं. नाकपुडी चिमटली होती तसंच, फक्त इथं काढून ठेवायला कोणाचा हात पोचत नव्हता.

"इथं लहान मुलांची शस्त्रक्रिया करणारं आज कोणी नाही," डॉक्टर म्हणाले. "नागपूरला न्या. आत्ता. मी तिथं फोन करतो. आणि वाटेत कोणी एमआरआय करा म्हणालं तर चुकूनही करू नका. ते यंत्र म्हणजे भलं मोठं चुंबक असतं. ह्या चकत्या आतल्या आत फाडत जातील."

रुग्णवाहिकेत मुलीला सलाईन लावलं. मी तिच्या बाजूला बसले, तिच्या पोटाला धक्का लागू नये म्हणून मांडीवरची पर्स मधे धरली होती. भद्रावती गेल्यावर कधीतरी माझं लक्ष पर्सच्या बटणाकडे गेलं. उघडताना टक्‌ वाजणारं, आपोआप बंद होणारं बटण. तेही चुंबकच! मी ती पर्स अशी भिरकावली की ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर आदळली. सोबतची नर्स घाबरून म्हणाली, "काय झालं मॅडम?" मला सांगताच येईना. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्याशा बटणानं काही झालं नसतं. पण त्या वेळी मला सगळ्या जगात चुंबकं दिसत होती. मोबाईलच्या आत, नर्सच्या कमरेच्या पट्ट्याला, दाराच्या कडीत.

चंद्रपूरहून मी फोन केल्यावर नवरा वणीवरून वरोऱ्याला येऊन थांबला होता. रुग्णवाहिका जेमतेम थांबली आणि तो चढला. अंगावर कारखान्याचेच कपडे, पापण्यांवर सिमेंटची पूड.

"काय झालं पोरीले?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "मग चुंबक चुंबकाले चिपकून आहे, तर चिपकू दे नं. निघून जाईन दोघी मिळून."

"त्यांच्या मधे आतडं आहे," मी म्हणाले.

त्यानं मनगटानं पापण्या पुसल्या. मग तो, जणू वाट काढायचा प्रयत्न करत, म्हणाला, "पण तू तर म्हणते नं, ते एकमेकाले ढकलते पण. ढकलून गेले असतील तर?"

तोच प्रश्न चंद्रपूर सुटल्यापासून माझ्या डोक्यात घोळत होता, आणि त्याचं उत्तर मला येत होतं. येत नसतं तर बरं झालं असतं. वर्गात आपण चुंबकं हातात धरतो म्हणून ती एकमेकांना ढकलताना दिसतात. आपली बोटं त्यांना वळू देत नाहीत. पाटावरची चकतीही सपाट पडलेली होती तोवरच पळाली, खाचेत अडताच उलटली. लोखंडाच्या आत असंख्य सूक्ष्म चुंबकं असतात. साध्या खिळ्यात ती बाजारातल्या माणसांसारखी कुठंही तोंड करून उभी असतात, एकाचा जोर दुसऱ्याचा जोर मारून टाकतो. चुंबकात सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी असतात, म्हणून एका बाजूला उत्तर ध्रुव उमटतो, दुसऱ्या बाजूला दक्षिण. जोर उत्तरेतून बाहेर पडतो आणि वळसा घालून दक्षिणेत शिरतो. दोन चुंबकांची वेगळी तोंडं समोर आली, की एकाचा बाहेर पडलेला जोर सरळ दुसऱ्यात शिरतो, वाट एक होते आणि दोन्ही ओढली जातात. सारखी तोंडं आली, की दोन्ही वाटा एकमेकींवर दाटून येतात आणि चुंबकं मागे रेटली जातात. पण चुंबक मोकळं असेल तर ते रेटून घेत बसत नाही. ते उलटतं. आणि दुसरं तोंड त्याच्याजवळ असतंच. चुंबकाचे कितीही तुकडे करा, एका ध्रुवाचा तुकडा कधी सापडत नाही. प्रत्येक तुकड्याला दोन्ही तोंडं.

पोटात त्या चकत्यांना धरून ठेवणारी बोटं नव्हती. त्या उलटायला मोकळ्या होत्या. आणि जितक्या जवळ आल्या तितका ओढा कितीतरी पटीनं वाढलेला.

"नाही," मी नवऱ्याला म्हणाले. "सुटे असले की ते कधीच ढकलत नाहीत."

त्यानं मुलीचा पाय हातात धरला आणि बुटीबोरी येईपर्यंत सोडला नाही.

नागपूरला आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई दारातच भेटल्या. ठेंगण्या, केस पांढरे, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी नवा एक्स-रे काढला आणि चंद्रपूरच्या फोटोशेजारी लावला. चकत्या जागच्या हलल्या नव्हत्या. ती काळी फट मात्र आणखी बारीक झाली होती.

"फट मिटत चाललीय," मी म्हणाले. मला एक क्षण वाटलं, ही चांगली गोष्ट असेल.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मधलं आतडं चेपून झिजत चाललंय," त्या म्हणाल्या. "तिथलं रक्त थांबलं की ते मरतं, मग छिद्र पडतं. पडलं असेलही. आत्ताच पोट उघडते. थांबायचं नाही."

मुलीला आत नेताना ती मला म्हणाली, "आई, दुसरी चमकी नको घेऊ." मी म्हणाले, नाही घेणार. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर नवरा आणि मी बसून होतो. समोर पाण्याच्या टाकीला तोटी होती, तिच्यातून थेंब पडत होता. बहिणीचा फोन आला. ती रडत होती.

"ताई, मीच काऊन घेऊन देल्ली ते? मी काऊन देल्ली?"

"तुले का माहीत होतं," मी म्हणाले.

"तुले तं माहीत होतं नं, ताई? तू तं शिकवते."

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच कोणीतरी हवं होतं ज्याला माहीत होतं. पण मलाही नाकाच्या पलीकडचं माहीत नव्हतं. पाटावर ती चकती उलटताना मी पाहिली होती, खूश झाले होते. तेच पोटात घडेल, हे कुठल्याही पुस्तकात माझ्यापुढे आलं नव्हतं. मी फोन नवऱ्याकडे दिला आणि तो तिला समजावत राहिला, "रडू नको बाई, रडू नको," आणि स्वतःच रडत होता.

त्या वेळात मी किती वेळा मनातल्या मनात त्या दारातून आत गेले असेन! प्रत्येक वेळी आत मला वेगळंच दिसायचं. कधी बाई मान हलवताना दिसत. कधी टेबल रिकामं. एकदा दार उघडलं, एक आया बाहेर आली, हातात कापडाचं बोचकं. मी उभी राहिले. ती धुण्याचे कपडे नेत होती.

मग बाई स्वतः बाहेर आल्या. टोपी काढत होत्या. टोपी काढताना त्यांचा चेहरा झाकला गेला, आणि तेवढा क्षण मी आयुष्यात पुन्हा मागणार नाही.

"दोन छिद्रं होती," त्या म्हणाल्या. "शिवली. घाण जास्त पसरली नव्हती. पोरगी ठीक आहे."

नवऱ्यानं खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्या मागे सरकल्या. "अरे, नको, नको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका ना? माझा चिमटा जवळ नेला की चकत्या त्यालाच येऊन चिकटायच्या. एक काढली की दुसरी उडी मारायची. शेवटी प्लास्टिकचा चिमटा मागवला. इतकी वर्षं झाली, पण पोट उघडून असं कशाशी मी कधी भांडले नव्हते."

प्लास्टिकच्या डबीत त्यांनी त्या मला दाखवल्या. चारही चकत्या एकमेकींवर नीट रचलेल्या, स्वच्छ, चकचकीत, निरुपद्रवी. मी डबी हातात घेतली नाही.

पुढचे दिवस वेगळ्या भीतीचे होते. ताप येईल का, टाके उकलतील का. पाणीही द्यायचं नव्हतं. मुलगी पाण्यासाठी रडायची आणि मी कापूस ओला करून तिच्या ओठांना लावायची. बाई रोज सकाळी येऊन एकच विचारत, "हवा सरली का?" आम्ही दोघं नवरा-बायको त्या पोरीच्या पादण्याची वाट पाहत बसलो होतो. एके दुपारी ती पादली. नवरा व्हरांड्यात धावत गेला आणि नर्सला इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या खाटेवरची आजी हसू लागली. मुलगी लाजली. ती लाजली तेव्हा मला वाटलं, वाचली.

शाळा सुरू झाल्यावर चुंबकाचा धडा आला. मी तो पुढे ढकलत राहिले. शेवटी एका सकाळी पेटी उघडली. मी ध्रुव शिकवले, आकर्षण शिकवलं, प्रतिकर्षण शिकवलं. मग ओल्या ओढणीच्या दोन घड्या घातल्या, एका घडीत एक चुंबक ठेवलं, शेजारच्या घडीत दुसरं. आधी सारखी तोंडं समोर धरली आणि हात सोडले. एक चुंबक कापडात वळलं आणि दोन्ही ओढणी चिमटून बसली.

"हे आतडं आहे," मी म्हणाले, आणि काय झालं होतं ते सांगितलं. नाव घेतलं नाही, पण गावात सगळ्यांना माहीत होतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच नाकाला हात लावला, चमकी काढली, आणि समोर येऊन माझ्या टेबलावर ठेवली.

सुट्टीनंतर मी तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात साठवणीची मोहफुलं उन्हाला घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "आमची तं रोजच घालते, मॅडम. काई नाई होत."

"एक गेली तर नाही होत," मी म्हणाले. "दोन गेल्या तर होते."

तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन उरलेली पट्टी आणून दिली. मला वाटतं, माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या चेहऱ्याकडे पाहून दिली.

मुलगी आता बरी आहे. पोटावर आडवा व्रण आहे, तो ती मैत्रिणींना दाखवते, त्याची गोष्ट दर वेळी थोडी वाढवून सांगते. तिला भीती राहिली नाही. माझी गेलेली नाही. परवा ती पोट धरून घरात आली आणि मी हातातलं टाकून तिला खाटेवर आडवी केली, बोटांनी पोट चाचपू लागले, उलटी झाली का, कोणत्या रंगाची, काय गिळलंस, खरं सांग.

"आई," ती वैतागून म्हणाली, "फक्त कैऱ्या खाल्ल्या. हळू दाब नं."

मी हळू दाबलं. पोट मऊ होतं. तरी हात तिथून लवकर उचलला गेला नाही.